मी कसा पडतो ते लिहून कळव

रेआतेजवळचं शेत
मार्च महिना, मध्याला चार दिवस बाकी

दादा,

तू बरा असशील तर चांगलं. मी बरा आहे. मागच्या पत्रानंतर पडण्याचं दुखणं दोनदाच झालं, एकदा गोठ्यात आणि एकदा जेवताना. फारसं लागलं नाही. आईने दोन्ही जागी खिळा ठोकला. जिथे डोकं आधी टेकलं तिथे लोखंडी खिळा ठोकला की दुखणं जमिनीत अडकून राहतं, असं ती मानते, तुला माहीतच आहे. स्वयंपाकघरात आता जपून चालावं लागतं. शेजारचा विबियस म्हणाला, "काकूंनी घर जमिनीला असं पक्कं केलंय की भूकंप आला तरी हलायचं नाही."

तू यंदा प्रेटरच्या पदासाठी उभा राहतोस हे आम्हाला बाजारात कळलं. आई म्हणाली, "तुमचे बाबा गावच्या सभेत बसले तरी आठ दिवस मान ताठ करून चालायचे. हा तर रोममध्ये न्यायासनावर बसणार." मग ती चुलीकडे गेली.

मला एक विचारायचं आहे. तीनदा लिहून पुसलं, आता चौथ्यांदा लिहितो. मतदानाच्या दिवशी मी रोमला येऊ का? माझं नाव जनगणनेत आहे. बावीस वर्षांचा झालो, अजून एकदाही मत दिलेलं नाही. उमेदवारांचे भाऊ त्यांच्यासोबत चौकात हिंडतात, लोकांचे हात हातात घेतात, असं ऐकतो. मी तसं काही करणार नाही. आपल्या गटाच्या रांगेत उभा राहीन, पाटीवर तुझं नाव लिहीन, टोपलीत टाकीन आणि परत येईन. नाव लिहिताना चुकणार नाही. अकराव्या वर्षी शाळा सुटली, पण अक्षर मी सुटू दिलेलं नाही.

तू नाही म्हणालास तरी चालेल. पण कळव.

नुमेरियस


रोम
एप्रिलचा पहिला दिवस

धाकट्या,

मी ठीक आहे, म्हणजे उभा आहे. उजाडलं की अंगणात पन्नास माणसं. त्यांचं लटांबर घेऊन चौकात जायचं, खडू चोळून पांढराशुभ्र केलेला टोगा घालून. मागे एक गुलाम चालतो आणि कानात माणसांची नावं सांगतो. 'हा लोहार, याची बायको बाळंत झाली.' की मी लगेच, 'काय रे, मुलगा की मुलगी?' काल त्याने माणूस चुकवला आणि मी एका विधुराला बायकोची खुशाली विचारली. तो म्हणाला, "आहे तिथे सुखी आहे. तुम्हाला मत देण्याइतकं दुःख आम्हा दोघांनाही झालेलं नाही." सगळा चौक हसला. मीही हसलो. हसावं लागतं.

तू येऊ नकोस. ऊन असतं, धूळ असते, मेंढरांसारखी गर्दी असते. मतदानाच्या कुंपणाला इथे मेंढवाडाच म्हणतात. आणि दुसरी गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. मतदान चालू असताना कुंपणात कोणाला तुझं दुखणं झालं, तर देवांनी नको म्हटलं असं धरतात. अध्यक्ष उठतो, सभा मोडते, मोजलेली मतंही वाया जातात आणि सगळं पुन्हा दुसऱ्या एखाद्या दिवशी. माझ्या सख्ख्या भावाने माझीच सभा मोडली, तर माझ्या विरोधकांना महिनाभर जेवायची गरज पडणार नाही.

तू समजूतदार आहेस. आईला सांभाळ. तुझी वहिनी बरी आहे.

मानियस


रेआतेजवळचं शेत
मे महिना, मध्यानंतरचा दुसरा दिवस

दादा,

तुझं म्हणणं पटलं. येत नाही.

आणखी एक. विबियस लोकर घेऊन रोमला गेला होता. तुझ्या अंगणातल्या पन्नासांत तोही एक दिवस उभा राहिला. परत आल्यावर तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी आणि आई शेंगा सोलत होतो.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या धाकट्याचं अथेन्सला कसं चाललंय?"

"कोण धाकटा?"

"किती असतात? नुमेरियस. दोन वर्षं झाली म्हणे, तिकडे तत्त्वज्ञान शिकतोय. मानियस स्वतः सांगत होता, चारचौघांत."

विबियस खवचट आहे. माझ्याकडे न बघता बोलत होता. आईने शेंग सोलली, दाणे परातीत टाकले आणि म्हणाली, "चाललंय बरं. परवा स्वप्नात आला होता. ग्रीक भाषेत शेंगा सोलत होता."

विबियस गेला. आईने परात जवळ ओढली. माझ्यापुढच्या शेंगाही तिने सोलल्या.

मला वाईट वाटलं असं नाही. वाटायला हवं म्हणून थोडी वाट पाहिली, पण काही आलं नाही. संध्याकाळी मेंढ्या आत घेतल्या. एवढंच विचारतो, मी तिकडून परत कधी येतो ते तू लोकांना सांगितलं आहेस का? कोणी विचारलं तर आपलं दोघांचं उत्तर एक असावं.

नुमेरियस


रोम
जून महिना, मध्याला सहा दिवस बाकी

धाकट्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एका जेवणात कोणी तरी विचारलं, 'तुझा भाऊ दिसत नाही?' सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. निघून गेलं तोंडातून. मग तेच पुन्हा विचारत राहिले, आणि मी तेच सांगत राहिलो. वाईट केलं. आईलाही सांग.

मी आधी लिहिलं ते विसर. तू ये. मतदान पुढच्या महिन्यात, क्विंटिलिसच्या मध्यानंतर पाच दिवसांनी आहे. निकराच्या वेळी आपलं माणूस जवळ असावं असं आता फार वाटतं. माझी बाजू ढिली झाली आहे. जागा आठ आहेत. महिन्यापूर्वी मी चौथा होतो, आज लोक मला आठवा धरतात, काही जण नववा.

नदीपलीकडे आमचा जुना मुक्त केलेला गुलाम अंतेरोस राहतो. त्याच्याकडे उतर, माझ्या घरी फार वर्दळ असते. तो तुझी काळजी घेईल, पण त्यासाठी त्याला सगळं ठाऊक हवं. तेव्हा नीट आठवून कळव. हल्ली दुखणं किती दिवसांनी येतं? कशाने येतं? झोप झाली नाही तर? उपाशी राहिलास तर? गुलामांच्या बाजारात विकत घेण्याआधी माणसाला काळ्या दगडाची धुरी देतात किंवा फिरत्या चाकाकडे बघायला लावतात, म्हणजे दुखणं असलं तर तिथेच कळतं. तुला त्या धुरीने होतं का? आई गळ्यात मुळी बांधते, ती काढली तर काय होतं?

सगळं लिही. काही वगळू नकोस.

मानियस


रेआतेजवळचं शेत
जून महिना, मध्यानंतरचा तिसरा दिवस

दादा,

तू हे सगळं विचारलंस. कोणी विचारत नाही. म्हणून नीट लिहितो.

बारा ते वीस दिवसांनी येतं. वसंतात जास्त, सुगीत कमी. सलग दोन दिवस झोप झाली नाही तर बहुतेक वेळा येतंच. उपाशी पोटी उन्हात चाललो तर दहातून चार वेळा. झाडांच्या रांगेतून चालताना ऊन-सावली डोळ्यांवर उघडझाप करते, तेव्हा मी डोळे मिटून चालतो. अंतेरोसच्या घरापासून मतदानाच्या मैदानापर्यंत झाडं असतील तर कृपया मला दुसऱ्या रस्त्याने न्यावं. धुरीचं माहीत नाही, चाकाचं आहे. कुंभाराकडे एकदा झालं होतं. मुळी काढली तर काय होतं ते माहीत नाही, कारण आई काढू देत नाही.

एवढं जपलं तर काही होणार नाही. तीन दिवस आधी येतो, म्हणजे प्रवासाचा शीण जाईल. पोटभर जेवीन.

आईला पत्र वाचून दाखवलं.

"इतक्या वर्षांत त्याने एकदा विचारलं नाही पोराला कशाने होतं म्हणून," ती म्हणाली. "आता एकदम वैद्य झाला?"

"काळजी वाटते त्याला."

"त्याला काळजी वाटतेय हे मला दिसतंय. कोणाची, ते दिसत नाही."

"मग जाऊ नको म्हणतेस?"

"मी कुठे म्हणाले? जा. भाऊ आहे. वाटेत चीज खा आणि मुळी काढू नकोस."

मी रोज पाटीवर तुझं नाव लिहून बघतो. मैदानावर पाटी हातात उभी धरून लिहावी लागते की टेकायला काही असतं?

नुमेरियस


रोम, माझ्या घरून
क्विंटिलिस महिना, मध्यानंतरचा तिसरा दिवस
(मेणाच्या पाटीवर. वाचून झाली की मेण सारखं कर.)

धाकट्या,

तू पोचलास असं अंतेरोस म्हणाला. मी नदीपलीकडे येऊ शकत नाही, माझ्या मागे नेहमी लोक असतात. म्हणून लिहितो.

परवा मतदान. एकेक गट आत जातो, मत देतो, आणि दवंडीवाला त्या गटाचा कौल लगेच ओरडून सांगतो. म्हणजे अर्ध्या वेळेतच मला कळेल कुठे उभा आहे ते. मी ओट्यावर, उमेदवारांत असेन. तू तुझ्या गटात, कुंपणाच्या पुढच्या दोरीपाशी राहा. आठांत असलो तर मी नुसता उभा राहीन. तू मत दे आणि घरी जा. हरतोय असं दिसलं तर मी उन्हासाठी घेतो तसा टोग्याचा पदर डोक्यावर घेईन. मग तू पडायचं.

सभा मोडेल. पुढचा दिवस चार-सहा दिवसांनी मिळेल. तेवढ्यात मी दोन गट फिरवू शकतो, माझी बोलणी झाली आहेत. तुला इथे कोणी ओळखत नाही, म्हणून माझ्याशी कोणी जोडणार नाही.

अंतेरोसला सांगितलं आहे, आजपासून तुला झोपू देऊ नको आणि खायला देऊ नको. तरी आपोआप आलं नाही तर तुला ते करून दाखवावं लागेल.

मी हे मागतोय ते सोपं नाही, मला कळतं. आपल्या घरातून या पदापर्यंत कोणी गेलेलं नाही. यंदा हरलो तर पुन्हा उभं राहण्याची माझ्यात ताकद नाही.

मानियस


नदीपलीकडे, अंतेरोसच्या घरून
त्याच दिवशी दुपारी

दादा,

पाटी वाचली. मेण सारखं केलं आणि त्याच पाटीवर हे लिहितो.

अंतेरोस मला विचारत होता, "भाकरी देऊ का? मालक नको म्हणाले, पण मालक काय, दिवसभर नको-नकोच म्हणतात." मी नको म्हणालो. त्याला विनाकारण दोष नको.

मी करीन. एक अडचण आहे. आपोआप आलं तर प्रश्न नाही. पण करून दाखवायचं तर ते कसं दिसतं हे मला माहीत नाही. मी तिथे नसतो. एकदम दुसरीच वेळ झालेली असते आणि तोंडात रक्ताची चव असते. आईला विचारलं तर ती म्हणायची, "काही नाही, झोपला होतास." तू पाहिलं आहेस. मी कसा पडतो ते लिहून कळव. काही वगळू नकोस.

नुमेरियस


रोम, माझ्या घरून
दुसऱ्या दिवशी

धाकट्या,

आधी तू थांबतोस. चालत असलास तर पाऊल टाकता टाकता. मागून कोणी हाक मारावी तसा डावीकडे वळून बघतोस, पण तिकडे कोणी नसतं. मग तोंडातून एक आवाज येतो. किंचाळी नाही, रडणं नाही. पखालीवर पाय पडला की हवा निघते तसा. मग तू सरळ पडतोस. हात पुढे करत नाहीस. हे लक्षात ठेव. सोंग करणारे हात पुढे करतात, त्यावरूनच त्यांना पकडतात. मग ताठ होतोस, मुठी आत वळतात, अंगठे बोटांच्या आत. मग हादरे. टाचा जमिनीवर आपटतात. तोंडाला फेस. शंभर मोजेपर्यंत. मग सैल पडतोस आणि घोरतोस.

पहिल्यांदा झालं तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, मी सोळाचा. ओढ्यापाशी. मी उभा राहून बघत होतो. मग मी थुंकलो. सगळे थुंकतात, आपल्याला लागू नये म्हणून, आजोबांनी शिकवलं होतं. तुझ्या अंगावर थुंकायचं नव्हतं, बाजूला थुंकायचं होतं. तू डोळे उघडलेस, गालाला हात लावलास आणि मला विचारलंस, "पाऊस आला का, दादा?" मी हो म्हणालो.

हे लिहायचं कारण नव्हतं. मेण सारखं कर.

मानियस


रोम, माझ्या घरून
क्विंटिलिस महिना, मध्यानंतरचा सहावा दिवस

तू पडला नाहीस.

मी पदर घेतला. एकदा नाही, तीनदा. शेजारचा उमेदवार म्हणाला, "मानियस, डोकं दुखतंय का?" मी तुझ्या गटाकडे बघत होतो. तिथे नुसत्या पाठी दिसत होत्या. मग दवंडीवाल्याने आठवं नाव पुकारलं आणि ते माझं नव्हतं.

नको होतं तर तसं सांगायचं होतं.

मानियस


नदीपलीकडे, अंतेरोसच्या घरून
त्याच दिवशी

दादा,

मी पडलो. काय झालं ते क्रमाने लिहितो.

तू पदर घेतलास ते मला दिसलं. अठ्ठेचाळीस तास झोप नव्हती, पोटात काही नव्हतं, तरी आपोआप आलं नव्हतं. म्हणून केलं. थांबलो. डावीकडे पाहिलं. आवाज काढला, तो बरोबर आला की नाही माहीत नाही. हात पुढे केले नाहीत. कपाळ दगडावर आदळलं, ते ऐकू आलं. इथपर्यंत मी केलं. पुढचं मला माहीत नाही. डोकं आपटल्यामुळे शुद्ध गेली की सोंग करता करता खरंच झालं, ते सांगता येत नाही. तोंडात रक्ताची चव होती, पण जीभ आपटूनही चावली जाते.

डोळे उघडले तेव्हा वर आकाश नव्हतं. सहा-सात माणसं माझ्याकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून उभी होती. टोग्यांची भिंतच झाली होती. आत एकटा बसला होता, चाळिशीचा, हात शेतकऱ्याचे. माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

"पडून राहा," तो म्हणाला. "कोणी बघितलं नाही."

"मला काय झालं?"

"ऊन लागलं."

"मला दुखणं आहे," मी म्हणालो. तेच म्हणायचं होतं ना.

"मी आंधळा नाही. माझ्या बहिणीला होतं." मग त्याने मान वर करून मोठ्याने म्हटलं, "पोराला ऊन लागलंय, कोणाकडे पाणी आहे का?"

भिंतीतला एक जण मान न वळवता म्हणाला, "ओवियस, उठव त्याला. आपल्या गटाचा पुकारा होईल."

"दमाने घे. तुझा गहू काय पळून चाललाय?"

"पळत नाही, गळतोय. आज सभा मोडली तर आणखी चार दिवस या भट्टीत बसायचं. तोवर आमच्या गावी, अमितेर्नमला, चिमण्यांची कापणी उरकलेली असेल."

दुसरा एक जण थुंकायला वळला. ओवियसने त्याच्या पोटरीवर चापट मारली. "तिकडे तोंड करून थुंक. पोर खाली आहे."

तो तिकडे तोंड करून थुंकला. दादा, हे सगळे आपल्याच गटातले, पलीकडच्या खोऱ्यातले लोक. त्यांना तू कोण, मी कोण, काही माहीत नव्हतं. त्यांना घरी जायचं होतं. म्हणून तुला पाठी दिसल्या.

पुकारा झाल्यावर ओवियसने मला काखेत धरून टोपलीकडे जाणाऱ्या फळीवरून नेलं. पाटी हातात उभी धरूनच लिहावी लागते. तुझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

"कोणाला दिलंस?" त्याने विचारलं.

"भावाला."

"भाऊ म्हणजे? त्या ओट्यावरचा?" त्याने तिकडे पाहिलं. तू तेव्हाही पदर सारखा करत होतास. "हरतोय रे तो."

"हो," मी म्हणालो.

त्याने मला नदीपर्यंत सोडलं आणि अर्धी भाकरी दिली. मी खाल्ली.

नुमेरियस


रोम, माझ्या घरून
दुसऱ्या दिवशी, उजाडताच

धाकट्या,

मी चुकलो. तू सांगितलंस ते खरं आहे हे मला ठाऊक आहे, तुला खोटं लिहिता येत नाही.

आणि तुझ्या पत्राने सगळं बदललं आहे. नीट वाच. सभेत दुखणं झालं आणि लपवलं गेलं, तर ती निवडणूक सदोष ठरते. शकुन बघणारे पुरोहित ती नंतरही रद्द करू शकतात, पूर्वी केलेलं आहे. मी त्यांच्याकडे तक्रार केली आहे. उद्या सकाळी त्यांच्या कचेरीत जा. दोन वाक्यं सांगायची आहेत. मला दुखण्याचा झटका आला. ओवियस नावाच्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी तो लपवला.

देवांचा कौल लपवणं हा लहान गुन्हा नाही, त्यांचं जे व्हायचं ते होईल. तू त्यात लक्ष घालू नकोस. गव्हासाठी त्यांनी देवाचं तोंड दाबलं.

झटका खरा होता की नाही ते तुलाही माहीत नाही. मग खरा होता असं म्हणण्यात खोटं काय आहे?

आता लपवण्याजोगं काही उरणार नाही. लोक बोलतील, बोलू देत. पुन्हा मतदान होईल तेव्हा तू माझ्याबरोबर चौकात चालायचं. मी तुझा हात धरीन आणि समोर येईल त्याला सांगीन, हा माझा भाऊ. तुझ्या वहिनीने, पोपिलियाने, तुझ्यासाठी खोलीही झाडून घेतली आहे.

मानियस


नदीपलीकडे, अंतेरोसच्या घरून
क्विंटिलिस महिना, मध्यानंतरचा नववा दिवस

दादा,

तुझं पत्र अनेकदा वाचलं. चौकाचा भाग जास्त वेळा वाचला. चालताना मी तुझ्या कोणत्या बाजूला असेन, हेही मनात धरून पाहिलं. उजवीकडे ठीक वाटलं.

काल कचेरीत गेलो. अंतेरोस दारापर्यंत आला. आत एक म्हातारा लेखनिक कांदा-भाकर खात होता. त्याने भाकर फडक्यात गुंडाळली, हात पुसले आणि पाटी घेतली.

"नाव?"

सांगितलं.

"तक्रार करणाऱ्या उमेदवाराचे तुम्ही कोण?"

"सख्खा भाऊ."

"त्यांना भाऊ आहे? आमच्या कानावर कधी आलं नाही."

"आहे."

"तसं लिहू?"

"लिहा."

त्याने लिहिलं. मग त्याने विचारलं, त्या दिवशी काय झालं. तू दिलेली दोन वाक्यं मी वाटेत पाठ केली होती. ती तोंडाशी आली होती, क्रमही बरोबर होता.

"ऊन लागलं," मी म्हणालो.

"दुखण्याचा झटका नव्हे?"

"ऊन."

"तुमच्या भावाने वेगळं कळवलंय."

"तो लांब होता."

"आणि हा ओवियस कोण?"

"ओळखत नाही. त्याने पाणी दिलं."

म्हाताऱ्याने माझ्या कपाळावरच्या जखमेकडे पाहिलं. मग म्हणाला, "यंदा ऊन फारच आहे. माझी मेहुणीसुद्धा परवा आडवी झाली." आणि लिहून घेतलं.

देवांपुढे मी खरं बोललो की खोटं, ते मला माहीत नाही. तुझी निवडणूक माझ्यामुळे गेली हे मला माहीत आहे. त्याचं वाईट वाटेल तेव्हा वाटेल, अजून वाटलेलं नाही. मी आज दुपारी निघतो. वहिनीला सांग, खोली लागणार नाही.

त्याने साक्ष मला वाचायला दिली. पहिल्या ओळीत मी तुझा सख्खा भाऊ आहे असं लिहिलं आहे. दुसऱ्या ओळीत ऊन. तिसरी ओळ नव्हती. मी अक्षर न अक्षर तपासलं, चूक नव्हती. खाली माझी मोहोर उठवली.

नुमेरियस